गाळणीपासून कोयीपर्यंत: दहा महिन्यांच्या मुलीला घास चावायला शिकवताना

२०२५ च्या फेब्रुवारीत, तिसऱ्या आठवड्यात, निफाड तालुक्यातल्या एका द्राक्षबागायतदार घरातली तिघं माझ्याकडे आली: आई, आजी आणि दहा महिन्यांची मुलगी. मी नाशिकमध्ये लहान मुलांच्या आहाराचं काम करते. त्यांच्या बालरोगतज्ज्ञांनी चिठ्ठीवर एवढंच लिहिलं होतं, 'घट्ट काही घेत नाही. वजन अडकलंय.' मुलीला मी इथे ठकी म्हणते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, खाण्याचे मात्र जसेच्या तसे ठेवलेत.

आईने पिशवीतून स्टीलचा डबा काढून माझ्यासमोर उघडला. आत फिकट केशरी, चकाकणारं, एकसारखं गुळगुळीत काहीतरी होतं. मुगाची डाळ, तांदूळ, गाजर, लाल भोपळा, थोडं तूप. "सगळं घालते मॅडम. कुकरला चार शिट्ट्या, मग मिक्सर, मग गाळणी." मी चमचा भरून तिरका केला, तर धार लागली.

"गाळणीत उरतं त्याचं काय करता?"

"चोथा ना? तो गाईला घालतो," आजी म्हणाल्या.

ठकीचं उष्टावण सातव्या महिन्यात झालं होतं. सुरुवात चांगली झाली होती. नाचणीचं सत्त्व, मऊ भात, वरणाचं पाणी, मग खिमट. आठव्या महिन्यात ती आजीच्या ताटातला भाकरीचा तुकडा ओढायला बघायची. संक्रांतीनंतर घरी बोरन्हाण झालं. पाटावर बसवून डोक्यावरून बोरं, चुरमुरे, हरभरे, हलवा, उसाचे करवे ओतले, आजूबाजूच्या पोरांनी झुंबड करून वेचले. त्या गडबडीत ठकीनं चुरमुरे तोंडात घातले. ते टाळूला चिकटले. तिला उबळ आली, चेहरा लालबुंद झाला, डोळ्यांतून पाणी आलं आणि तिने दूध ओकलं. कुणीतरी तिला पाय धरून उलटं केलं. कुणीतरी तोंडात बोट घातलं. आई रडायला लागली. दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघरात गाळणी आली.

वजन नवव्या महिन्याच्या गोवर-रुबेला लसीच्या वेळी ७.२ किलो होतं, माझ्याकडे आली तेव्हा ७.३. सहा आठवड्यांत शंभर ग्रॅम. या वयाच्या मुलींचं मधलं वजन साडेआठ किलोच्या आसपास असतं. ठकी बारीक चणीची होती आणि जन्मापासून वाढीच्या तक्त्यातल्या खालच्या रेषेच्या जवळूनच चालली होती, त्यामुळे मला आकड्यापेक्षा रेषेनं घेतलेलं वळण खटकलं. हिमोग्लोबिन ९.६ होतं. डॉक्टरांनी लोहाचं औषध सुरू केलं होतं. यात हे घर काही वेगळं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षांची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयाची निघाली. पोटभर दिसणाऱ्या वाटीत लोह नसतं, आणि ती वाटी पातळ असेल तर तिच्यात फारसं काहीच नसतं. एवढ्याशा पोटात एका वेळी मावतं तरी किती? त्यातला निम्मा भाग पाण्याने भरला तर मूल भरल्या पोटी उपाशी राहतं.

खाऊ घालण्याआधी मी काही गोष्टी विचारून घेतल्या. पूर्ण दिवसांची, २.८ किलोची. अंगावर पिताना ठसका लागत नाही, पाणी पिताना आवाज घरघरत नाही, छातीचं दुखणं वारंवार होत नाही, आधाराशिवाय बसते, खेळणं सरळ तोंडात घालते. यातलं एखादं उत्तर उलटं आलं असतं तर मी पुढे गेले नसते, आधी गिळण्याची तपासणी करायला पाठवलं असतं. खालचे दोन दात आलेले. दाढा नाहीत म्हणून चावणार कशी, ही आजींची शंका मी त्याच दिवशी सोडवली. दाढा वर्ष उलटल्यावर येतात आणि मऊ पदार्थ हिरडीने सहज चिरडला जातो. मी ठकीची हिरडी माझ्या धुतलेल्या करंगळीवर चावायला दिली. आजींनाही करंगळी घालायला सांगितली. "बाई गं, केवढा जोर आहे!" असं म्हणून त्यांनी बोट काढलं.

मग म्हटलं, घरी भरवता तसं भरवा. आजींनी तिला मांडीवर आडवं घेतलं, डोकं कोपरात. आईने समोर मोबाइल धरला. ठकीची नजर पडद्यावर, तोंड पाखराच्या पिलासारखं उघडं. चमचा आत जायचा, वरच्या हिरडीला घासून रिकामा व्हायचा, ती गिळायची. सगळी वाटी आठ मिनिटांत संपली. मी तिची जीभ बघत होते. पुढे-मागे, पुढे-मागे, दूध पिताना होते तशीच. घास गालाकडे ढकलण्यासाठी ती एकदाही बाजूला गेली नाही, आणि जावी असं वाटीत काही नव्हतंच. शिवाय त्या आठ मिनिटांत तिच्या हाताला अन्नाचा एक कणही लागला नाही.

अंदाज असा बांधला की मुलीचं तोंड ठीक आहे, घर घाबरलेलं आहे. आणि घराची भीती काढल्याशिवाय गाळणी जाणार नाही.

उबळ आणि घास अडकणं

म्हणून पहिल्या भेटीचा निम्मा वेळ मी खाण्याबद्दल बोललेच नाही. बोरन्हाणाच्या दिवशी जे झालं ती उबळ होती. लहान बाळाची उबळ मोठ्यांपेक्षा जिभेच्या बऱ्याच पुढच्या भागावर सुटते. ओळखीचा नसलेला कण तिथवर गेला की जीभ त्याला बाहेर ढकलते, आवाज होतो, चेहरा लाल होतो, कधी ओकारी येते. हे दिसायला भयंकर असतं, पण श्वास चालू असतो. बाळाचं तोंड स्वतःची राखण करत असतं. मूल जसजसं चावायला शिकतं तसतशी ही जागा मागे सरकते.

घास अडकणं वेगळं. त्यात आवाज नसतो. मूल रडू शकत नाही, खोकू शकत नाही, ओठ निळसर पडायला लागतात. आवाज येतोय तोवर हात लावू नका, पुढे झुकू द्या, तुम्ही शांत बसा. आवाज गेला तर उठा. हे मी दोघींकडून तीन-तीनदा वदवून घेतलं.

उठून काय करायचं, ते बाहुलीवर करून दाखवलं. एका वर्षाच्या आतल्या बाळाला आपल्या हाताच्या लांबीवर पालथं घ्यायचं, जबडा तळहातात, डोकं छातीपेक्षा खाली. दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या मुळाने पाच थापा. निघालं नाही तर उताणं करून छातीच्या मध्यभागी, स्तनाग्रांच्या रेषेच्या जरा खाली, पाच दाब. पुन्हा थापा, पुन्हा दाब. दुसऱ्याने तोवर १०८ लावायचा. बाळ निपचित पडलं तर सीपीआर, म्हणजे छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन जीव धरून ठेवणं. पोटावर दाबायचं नाही, पाय धरून उलटं लटकवायचं नाही. आणि दिसत नसलेल्या वस्तूसाठी तोंडात बोट कधीच घालायचं नाही, कारण ते बोट वस्तूला आणखी आत ढकलतं. दिसत असेल, हाताला येत असेल, तरच काढायची. आजींनी बाहुलीला थापा मारल्या तेव्हा त्यांचा हात थरथरत होता. दुसऱ्यांदा थरथरला नाही. माझ्या मते त्या दिवसातली सगळ्यात मोठी प्रगती ती होती, ठकीने काहीही नवीन खाल्लं नसलं तरी.

बोरन्हाण करू नका असं मी कुणालाच सांगत नाही. लेकराचं कौतुक करायचा तो दिवस आहे. पण एक-दीड वर्षाच्या मुलावर हरभरे, शेंगदाणे, चुरमुरे, बोरं ओतणं मला खरोखर धोक्याचं वाटतं. फुलांच्या पाकळ्या ओता, बाळाच्या मुठीत मावणार नाहीत असे मोठे बत्तासे ओता, आणि कडेवरून खाली सोडण्याआधी सतरंजी झाडून घ्या.

माझी चूक

पहिल्या भेटीत मी सांगितलं, गाळणी बंद करा, मिक्सर नुसता दोनदा फिरवा, शितं राहू द्या. हा सल्ला सगळीकडे दिला जातो, मीही वर्षानुवर्षं दिलाय. आठवड्याने आईचा फोन आला. ठकी आता चमचा बघूनच तोंड फिरवते, आधी घ्यायची तेही घेत नाही.

मी त्यांना घरून छोटी चित्रफीत पाठवायला सांगितली आणि मला माझी चूक दिसली. पातळ खिचडीत शितं पोहत होती. अशा घासात पातळ भाग आधी मागे सरकतो आणि शित मागून, न सांगता, जिभेच्या मुळाशी येऊन थडकतं. दोन प्रकारचं अन्न एकाच घासात सांभाळणं ही चावण्यातली सगळ्यात अवघड पायरी, आणि मी ती पहिली म्हणून दिली होती. ज्या मुलीला आधीच एकदा दणका बसलाय तिला प्रत्येक चमच्यात लपवलेला दणका. तिने तोंड मिटलं यात तिचं काय चुकलं?

नवीन क्रम ठरवला. आधी घट्टपणा, कण नंतर. वाटीतलं अन्न गुळगुळीत राहिलं तरी चालेल, पण चमचा उलटा केला तरी पडता कामा नये. पाणी कमी, तूप आणि डाळ जास्त. मग मिक्सरऐवजी पळीच्या पाठीने घोटायचं, मग हाताने कुस्करायचं. आणि कण हवेत ते चमच्यात न लपवता वेगळे, तिच्या समोर, तिच्या हातात. स्वतःच्या हाताने तोंडात घातलेली वस्तू कुठे आणि कधी येतेय हे बाळाला ठाऊक असतं. ती पुढच्या हिरडीशी येते, तिथेच चाचपली जाते, नको असेल तर तशीच बाहेर येते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अमेरिका खंडाच्या कार्यालयाने २००३ साली पूरक आहाराची जी तत्त्वं छापली, त्यांत बहुतेक मुलं आठ महिन्यांपासून हातात धरून खाऊ शकतात आणि वर्षाची होईतो घरचं बरंचसं अन्न खाऊ शकतात, असं म्हटलंय. दहा महिन्यांपर्यंत कणीदार अन्न दिलंच नाही तर पुढे खाण्याच्या तक्रारी वाढू शकतात, असाही इशारा आहे. त्यामागे इंग्लंडमधल्या ब्रिस्टल परिसरात १९९१-९२ च्या सुमारास जन्मलेल्या हजारो मुलांचं निरीक्षण आहे. उशिरा सुरुवात झालेली मुलं नंतर जास्त कटकट करताना आढळली. यात एक मेख आहे. जी मुलं मुळातच नाखूश होती त्यांनाच उशिरा दिलं गेलं असणार, हेही शक्य आहे. त्यामुळे 'दहा महिने झाले, आता गाडी चुकली' असं मी कुठल्याच आईला म्हणत नाही. पण आणखी वाट बघायला नको, एवढं त्यातून नक्की कळतं.

रताळ्याची फोड

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेले. बागेत तोडा चालू होता, ओसरीवर द्राक्षांच्या क्रेट रचलेल्या, खाली सुटे मणी पडलेले. मी आधी आजोबांशी बोलले. गोल, गुळगुळीत, दाबला की सटकणारा आणि नेमका बाळाच्या श्वासनळीला बूच बसेल एवढा, असा तो मणी. ज्या घराचं पोट द्राक्षावर आहे तिथे हे सांगणं मला जड गेलं. आजोबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे उभा चिरून द्यायचा?" हो, उभे चार भाग, बी काढून, आणि ते पुढच्या काही महिन्यांत, आत्ता नाही. त्यांनी सालदाराला हाक मारून ओसरी झाडायला लावली. रोज दोनदा झाडायचा नियम त्यांनीच घातला.

ठकीसाठी त्यांनी प्लास्टिकची छोटी खुर्ची आणली होती. पाय लोंबकळत होते. पाय लोंबकळले की बाळाचं सगळं लक्ष तोल सांभाळण्यात जातं, तोंडाला बळ उरत नाही. पायांखाली पालथा पाट सरकवला, पाठीशी गोधडीची घडी लावली. ती ताठ बसली. मोबाइल आतल्या खोलीत.

रताळं वाफवून मोठ्या माणसाच्या बोटाएवढ्या लांब फोडी केल्या. कसोटी एकच: अंगठा आणि तर्जनीत धरून हलकं दाबलं की चिरडलं पाहिजे. लांब फोड यासाठी की मुठीत धरल्यावर वर थोडी उरते. सालीचा थोडा भाग खालच्या टोकाला ठेवला, म्हणजे हातातून निसटत नाही. ती साल तिने खायची नव्हती. दोनच फोडी ठेवल्या. ताट भरून ठेवलं की मूल गोंधळतं.

पहिली दहा मिनिटं तिने फोड नुसती दाबली. बोटांच्या फटींतून रताळं वर आलं, ते तिने बघितलं. मग मूठ तोंडाला लावली, चाटली, तोंड वेडंवाकडं केलं, पुन्हा चाटली. आजी चमचा घेऊन टेकल्या होत्या. मी त्यांचा हात धरून ठेवला. मग टोक तुटून तिच्या तोंडात गेलं. उबळ आली. जोराची, आवाजासकट. आजी निम्म्या उठल्या. मी म्हटलं, "आजी, आवाज येतोय." त्या उभ्याच राहिल्या, पदर तोंडाशी धरून. ठकीनं जीभ बाहेर काढली, तुकडा हनुवटीवर आला. तिने तो बोटाने परत तोंडात सारला. आणि मी पाहिलं, जीभ उजवीकडे गेली. गाल किंचित फुगला. जबडा तीन-चार वेळा वर-खाली झाला.

जमिनीवर बरंच सांडलं होतं. आजींना त्याचं वाईट वाटलं, आणि ते मला पूर्ण समजतं. अन्नाला पूर्णब्रह्म म्हणणाऱ्या घरात लेकराने घास तुडवायचा, ही गोष्ट नुसतं 'घाण होऊ द्या हो' म्हणून उडवून लावण्यासारखी नाही. आम्ही मार्ग काढला: खुर्चीखाली धुतलेलं सुती लुगडं, एका वेळी दोनच तुकडे, सांडलेलं गोळा करून गाईच्या घमेल्यात. चोथा तिलाच जायचा, आता हेही तिलाच. त्याने आजींचं समाधान झालं. मग बोलता बोलता त्या म्हणाल्या, "आमच्या पोरांच्या वेळी मिक्सर कुठं होता? भाकर दुधात भिजवायची, दोन बोटांनी कुस्करायची, घास करून द्यायचा. हा," आपल्या मुलाकडे बोट दाखवत, "चुलीपाशी बसून भाकरीची कड चघळायचा." मग त्या जरा वेळ काहीच बोलल्या नाहीत.

पुढचे तीन महिने

नंतरचं सगळं सरळ रेषेत झालं नाही. वाफवलेलं गाजर, लाल भोपळा, पिकलेली पपई, केळं (सालीत निम्मं धरून) हे दोन आठवड्यांत जमलं. इडलीच्या लांब चिरी तिला फार आवडल्या. मुगाच्या धिरड्याच्या पट्ट्याही. पोळी मात्र फसली. कोरडी पोळी तोंडात भिजून गोळा होते आणि टाळूला चिकटते; तिला ते चुरमुऱ्यांची आठवण देणारं असावं. पोळी आम्ही महिनाभर बाजूला ठेवली. भाकरी आधी घट्ट वरणात पूर्ण भिजवून, कुस्करून दिली.

मार्चच्या शेवटी ठकीला सर्दी-ताप आला, वरचे दात येत होते. तिने हातातलं सगळं नाकारलं. आईने चार दिवस पुन्हा मिक्सर काढला आणि मला अपराध्यासारखं कळवलं. त्यात अपराध काही नव्हता. आजारात मूल मागे जातं, बरं झालं की पुढे येतं. गाळणी मात्र काढली नाही, हे तिने आवर्जून लिहिलं होतं.

लोहासाठी अंडं सुरू केलं: आधी नीट शिजलेल्या आम्लेटच्या पट्ट्या. घरात कोंबडी शिजते, तेव्हा मीठ-तिखट घालण्याआधी थोडी बाजूला काढून, मऊ शिजवून, हाडं चाचपून काढून, अगदी बारीक खिम्यासारखी वरणभातात. डाळींवर लिंबाचे दोन थेंब, त्याने लोह अंगी लागतं. शेंगदाण्याचं बारीक कूट भाजीत, अख्खा दाणा पाच वर्षांपर्यंत नाही. मीठ-साखर वर्षाच्या आत नाही, मधाचं बोटही नाही. एक सवय सुटायला वेळ लागला, ती म्हणजे आजोबांच्या चहात बुडवलेलं बिस्किट. चहा लोह अडवतो आणि बिस्किटाने भूक मरते. आजोबांना तिला मांडीवर घेऊन काहीतरी द्यायचं होतं, म्हणून बिस्किटाच्या जागी इडलीची चिरी आली. चहा ते आता ती झोपल्यावर घेतात.

अंगावरचं दूध चालूच ठेवलं, फक्त जेवणाच्या लगेच आधी द्यायचं बंद केलं. दिवसाला तीन जेवणं, एक-दोन वेळा मधलं खाणं. चमच्यानेही भरवायचं, हातातही द्यायचं. दोन्हींत भांडण नाही. फक्त हातातलं आधी, ती भुकेली असताना. चमचा नंतर, आणि तिने तोंड फिरवलं की थांबायचं. हे थांबणं आजींना सगळ्यात अवघड गेलं. 'दोनच घास राहिलेत' हे शब्द मी त्या घरात खूपदा ऐकले.

एप्रिलच्या मध्यावर चिमटीत धरणं पक्कं झालं. मग तुकडे लहान केले: उकडून चपटे केलेले मटार, पनीरचे मऊ तुकडे, आंबोळीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे. मुठीत धरणाऱ्या मुलाला लांब फोड, चिमटीत धरणाऱ्याला छोटा तुकडा. उलट केलं तर दोन्ही फसतात.

मेमध्ये त्यांनी मला एक फोटो पाठवला. आजी उंबऱ्याशी बसलेल्या, समोर ठकी, अंगावर फक्त लंगोट, आणि दोन्ही हातांत आंब्याची कोय. गर बराचसा काढलेला, तुटणारं काही नाही, तोंडात पूर्ण जाणार नाही एवढी मोठी. कोय चोखताना जीभ आणि जबडा जे काम करतात ते मी कुठल्याही खेळण्याने करून घेऊ शकले नसते. हनुवटीपासून बेंबीपर्यंत रस.

तेराव्या महिन्यात वजन ८.१ भरलं, तिच्या जुन्या रेषेवर ती परत आली. हिमोग्लोबिन ११.२. वरणभात, मऊ उपमा, कुस्करलेली भाजी-भाकरी ती घरच्यांच्या पंगतीत बसून खाते. घोटलेलं काही लागत नाही. दोन गोष्टी राहिल्यात. दुधात कुस्करलेली पोळी ती अजून जिभेनं बाहेर काढते, म्हणजे पातळात कण असलेला घास अजून पूर्ण जमलेला नाही. आणि ती घास गालात धरून ठेवते, विशेषतः कोंबडी, आणि झोपताना तो तिथेच सापडतो. म्हणून जेवण झालं की आजी आता तिच्यासमोर आ करून दाखवतात, ठकीही आ करते, आणि दोन्ही गाल बघितल्याशिवाय तिला खुर्चीतून उतरवत नाहीत. पुढची भेट जुलैत ठरली आहे.